वरचा अर्धा आत्ताचा, खालचा मघाचा

हेमंतदादा गेल्याची बातमी मला कंपनीच्या ग्रुपवर कळली, आणि ती टाकली होती साहेबांनी. दीड महिना झाला. सकाळी दातिवऱ्याला आमच्या मागच्या ओट्यावर मी बोंबील साफ करत बसले होते, फोन शेजारी पाटावर, आणि तो एकदा वाजून थांबेना, वाजतच राहिला. कोपराने सरळ केला आणि वाचलं... ‘आपले ज्येष्ठ सहकारी, कंपनीच्या उभारणीतले मोलाचे शिलेदार श्री. हेमंत चुरी यांचे केळवे येथे आकस्मिक निधन. भावपूर्ण श्रद्धांजली.’ खाली एक पांढरं फूल आणि फुलाखाली सगळ्यांचे जोडलेले हात. ज्या माणसाने तीन वर्षांपूर्वी हेमंतदादांना गेटाबाहेर काढलं, तोच आता त्यांना शिलेदार म्हणत होता. मी हात धुतले, फोन उचलला, काहीतरी लिहायला गेले. पण जे सुचत होतं ते चारचौघांत वाचण्याजोगं नव्हतं. मग फोन उलटा ठेवला आणि उरलेले बोंबील संपवले. घरात कोणी काही विचारलं नाही. माझा राग घरच्यांच्या ओळखीचा आहे.

साहेबांचं आणि कंपनीचं नाव छापायचं नाही, असं पुरवणीच्या संपादकांनी बजावलंय. ठीक आहे. बोईसर काही एवढं मोठं नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि साहेब स्वतः तर रविवारची पुरवणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतात, मला माहीत आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं, ते मी लिहीनच, त्यात मला काही कष्ट नाहीत. पण जिवंत माणसाबद्दलही चांगलंच लिहायचं असा काही नियम नाही. साहेबांचं वाटोळं व्हावं असं मला वाटतं. हे वाक्य कापलं जाईल अशी भीती आहे, म्हणून पुन्हा लिहिते. साहेबांचं वाटोळं व्हावं असं मला वाटतं.

त्या दिवशी दुपारी केळव्याला पोचले. हेमंतदादा सकाळी घरामागच्या पानवेलीच्या वाडीत गेले, तिथेच वेलाखाली बसले, आणि शेजारच्या वाडीतल्याने हाक मारली तेव्हा त्यांनी ओ दिली नाही. एवढंच. आजार नाही, दवाखाना नाही. त्यांच्या पत्नी, वंदनावहिनी, ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी जवळ गेले तर त्यांनी मान वर केली, “आलीस?” म्हणाल्या आणि पुन्हा खाली घातली. बायका एकमेकींना विचारत होत्या, ही कोण? कोणीतरी म्हणालं, कंपनीतली. मला तिथून पळून जावंसं वाटलं...

कंपनीतली म्हणजे काय ते आधी सांगते. दहाबारा वर्षांपूर्वी पालघरला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून मी बोईसरच्या या कंपनीत लागले. कंपनी कारखान्यांतल्या यंत्रांना बसवायचे कॅमेरे बनवते. माझं काम तयार बोर्ड तपासायचं. पहिल्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या लॅबच्या दारात मला हेमंतदादांनी अडवलं. उंच, काटकुळे, शर्टाच्या खिशात पेनाऐवजी स्क्रू ड्रायव्हर. “चपला भायेर काढ,” म्हणाले. मला वाटलं आत देवबीव असेल. तर म्हणाले, “आमच्याकडं पानवेलीच्या वाडीत कोण चपला घालून जात नाय. वेल रुसते म्हणतात. हितंबी नाय जायचं.” मग विचारलं, कुठली? म्हटलं, दातिवऱ्याची. “म्हंजे मासे ताजे. दुपारचा डबा हितंच उघडत जा.” मुंबईहून आलेले इंजिनीयर या चपलांच्या नियमाला हसायचे आणि हसत हसत बूट काढायचे. एकटे साहेब काढत नसत. त्यांना वाकायला जड जाई की मान खाली घालायला, देव जाणे. ते दारात उभे राहूनच ओरडायचे. त्या एका उंबऱ्यामुळे लॅबमध्ये आम्हाला बरीच वर्षं शांतपणे काम करता आलं.

हेमंतदादांचं काम बाहेरच्यांना कधी कळायचं नाही. त्यांच्या नातेवाइकांना तर ते गाडी चालवतात असंच वाटायचं, कारण ते ‘ड्रायव्हर लिहितो’ असं सांगायचे. मी सोपं करून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. कॅमेऱ्याचं चित्र बोर्डावर एका दमात येत नाही, ओळीमागून ओळ येतं, वरून खाली. त्या ओळी गोळा करणारी एक चिप असते, रिसीव्हर. चित्र पुरं झालं की ती प्रोसेसरला हाक मारते. ओळी कमी आल्या, वाटेत बिघडल्या, ठेवायला जागा उरली नाही, तरीही हाक मारते. या हाकेला म्हणतात इंटरप्ट, आणि हाकेला जो प्रोग्रॅम धावून जातो तो ड्रायव्हर. जगात असे ड्रायव्हर लिहिणारे पुष्कळ असतील. पण हाक कशी ऐकायची, हे मी फक्त हेमंतदादांकडे पाहिलं.

ते म्हणायचे, हाक आली की आधी कोण हाक मारतंय ते विचारायचं, जेवढे असतील तेवढे सगळे लिहून घ्यायचे, आणि मगच चिपला ‘ऐकलं’ म्हणायचं. कारण पुष्कळदा दोन हाका एकदम येतात. एक म्हणते चित्र पुरं झालं, दुसरी म्हणते ओळी कमी आल्यात. “पयली गोड असते, दुसरी कडू. आळशी ड्रायव्हर गोड तेवढी ऐकतो नि निघून जातो.” कडू हाक ऐकू आली की हेमंतदादांचा ड्रायव्हर ते चित्र टाकून देई, वरच्या प्रोग्रॅमला सांगे की आत्ता मला दिसत नाही, आणि अशी दोनतीन चित्रं लागोपाठ बिघडली तर सगळं थांबवून टाके. मी एकदा विचारलं, अहो, अर्धं चित्र तरी बरं असतं, तेवढं द्या की. तर एवढे चिडले! “शंका आली का चित्र नाय द्यायचं. नाय दिसत म्हणून सांगायचं. त्यात लाज कसली?”

माझं खरं काम त्यांच्या ड्रायव्हरला छळायचं. कॅमेरा चालू असताना केबल अर्धवट उपटायची, तिच्याशेजारी ड्रिल मशीन फिरवायचं, खालच्या शेडमधून वेल्डिंगचा सेट वर आणून ठिणग्या पाडायच्या, आणि हेमंतदादा पडद्यावर बिघडलेल्या चित्रांचे आकडे वाढताना बघून खूश व्हायचे. पानवेल लावणारा माणूस पानामागची कीड सापडली की खूश होतो, तसे. संध्याकाळी निघताना विचारायचे, “आज किती बिघडवलंस?” मी आकडा सांगायची. “मेल्ये, तुला कुणी सून करून घेतली तर घर मोडशील,” असं म्हणून हसायचे. पानाचा डबा पुढे करायचे. वाडीतली कोवळी पानं, देठ खुडलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. मी पान खात नाही, पण त्यांनी दिलेलं खायची.

आता तारापूरचं. तिथे एका कारखान्यात पत्रा दाबायचा मोठा प्रेस होता. प्रेसच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती, तोंडात हात जाऊ नये म्हणून. साहेबांनी त्या कारखान्याला आमचा कॅमेरा विकला. कॅमेरा प्रेसच्या तोंडाकडे बघत राहील, हात दिसला की प्रेस थांबेल, तोंड मोकळं असलं की हिरवा दिवा लागेल, मग जाळी कशाला हवी, काढून टाका, काम झरझर होईल... हेमंतदादांनी जाळी काढायला विरोध केला, लेखी केला. साहेबांनी तो कागद वाचून खिशात घातला. दसऱ्याला प्रेसची पूजा करून नवी व्यवस्था चालू करायची, असं ठरलं होतं. कॅमेऱ्याच्या केबलला वेगळा पाट, म्हणजे केबल न्यायची पन्हळ, टाकायला चार दिवस लागले असते, आणि दसरा तीन दिवसांवर होता. म्हणून आमची केबल शेजारच्या मोठ्या मोटारीच्या केबलबरोबर एकाच पाटातून नेली. दसऱ्याला प्रेसला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला, मालक-साहेब हातात हात घालून उभे राहिले, फोटो निघाले. आणि दुसऱ्या दिवसापासून ती शेजारची मोटार सुरू झाली की चित्र बिघडायचं, आणि चित्र बिघडलं की प्रेस थांबायचा.

तो थांबत होता हेच बरोबर होतं. ड्रायव्हर ओरडून सांगत होता की मला दिसत नाही. पण कारखान्यातून साहेबांना फोन, साहेबांचा हेमंतदादांना फोन, दिवसभर तेच. साहेब लॅबच्या दारात येऊन म्हणाले, “चुरी, तुमचा ड्रायव्हर फार नाजूक आहे हो. थोडा धीट करा त्याला.” हेमंतदादा जागेवरून न उठता म्हणाले, “केबल काढा त्या पाटातनं. ड्रायव्हरला काय झालं नाय.” साहेबांचा चेहरा मला अजून दिसतो. माणसाला खरं ऐकून राग येतो तेव्हा तो आधी हसतो, साहेब हसले.

त्याच आठवड्यात हेमंतदादांच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मोतीबिंदूचं. दोन दिवस ते येणार नव्हते. पहिल्या दिवशी दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले. माझं टेबल लॅबच्या बाहेर, म्हणजे बूट काढायचा प्रश्न नव्हता. म्हणाले, “हे बघ सुगंधा, तुला चुरींचं काम येतं, मला ठाऊक आहे. त्यांच्यामागे लॅब तुलाच सांभाळायची आहे. फक्त चुकांचे इंटरप्ट मास्क कर. तात्पुरतं. केबल आपण बदलणारच आहोत दिवाळीत.” मास्क करणं म्हणजे चिपच्या त्या कडू हाका बंद करणं. चिप ओरडत राहते, पण तिचा आवाज कोणापर्यंत जात नाही. एका ओळीचं काम. मी सात वर्षं कच्च्या नोकरीवर होते. दातिवऱ्याला घराचं पोट बापाच्या होडीवर, आणि शिकून नोकरीला लागलेली अशी घरात मी एकटी. साहेबांनी नावाने हाक मारली आणि लॅब तुझी म्हणाले... मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू, मला त्या क्षणी आनंद झाला.

ड्रायव्हर बनवण्याची सगळी सोय फक्त हेमंतदादांच्या संगणकावर होती. त्यांचा पासवर्ड कीबोर्डाच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर होता, आणि तो सगळ्या लॅबला माहीत होता. आमच्याकडे असंच चालायचं, एकमेकांच्या टेबलावर बसून काम करायचं, कोणी केलं याचा कोणी विचार करायचा नाही. मी दाराशी चपला काढल्या. त्यांच्या खुर्चीत अनवाणी बसून मी ती ओळ बदलली आणि शेजारी टीप लिहिली, ‘तात्पुरतं’. बदलाच्या नोंदीत नाव आपोआप पडलं, हेमंत चुरी. माझं लक्षही गेलं नाही. संध्याकाळी साहेबांचा मेसेज आला, ‘मास्क झालं का?’ मी लिहिलं, ‘हो सर.’ उत्तर आलं, ‘शाब्बास. चुरींना आत्ता काही बोलू नकोस.’ दुसऱ्या दिवशी प्रेस एकदाही थांबला नाही. कारखान्यातून पेढे आले.

मास्क केल्यावर काय होत होतं ते आता सांगते, कारण तेव्हा मी त्याचा विचारच केला नाही. मोटार सुरू झाली की चित्राच्या वरच्या अर्ध्या ओळी यायच्या, खालच्या गहाळ व्हायच्या. तरी चिप म्हणायची, चित्र पुरं झालं, ती गोड हाक. ओळी कमी आल्यात ही हाक मी बंद केलेली. मग जिथे खालच्या ओळी यायच्या तिथे आधीच्या चित्राच्या ओळी तशाच पडून राहायच्या. म्हणजे पडद्यावर वरचा अर्धा आत्ताचा आणि खालचा अर्धा मघाचा. वर माणसाचं डोकं हलताना दिसतंय, दिवा दिसतोय, सगळं जिवंत. आणि खाली प्रेसचं तोंड मघाचं, रिकामं. कॅमेऱ्याला हात दिसत नाही, आणि दिसत नाही हे सांगायला कोणी उरलेलं नाही.

रामसुरत हा त्या प्रेसवरचा जुना माणूस, चाळिशीचा, बलियाकडचा. तिसऱ्या दिवशी पत्रा तिरका बसला म्हणून त्याने सरळ करायला हात घातला. दोन बोटं गेली, उजव्या हाताची. मी दवाखान्यात गेले तेव्हा तो हाताच्या पांढऱ्या गाठोड्याकडे बघत होता. मला ओळखलं, कारण कॅमेरा बसवताना मी चार दिवस तिथे होते. म्हणाला, “मैडम, बत्ती तो हरी थी। हमने देखकर ही हाथ डाला।” मी त्याच्या उशाशी मोसंबी ठेवली आणि बाहेर येऊन जिन्यात बसले. जे समजायचं ते मला तिथे समजलं. आणि समजूनही मी गप्प बसले. तीन वर्षं.

चौकशी कंपनीने आपल्या आपणच केली. हेमंतदादा डोळ्यावर हिरवी पट्टी घेऊन आले, दुसऱ्या डोळ्याने बदलांची नोंद उघडली, ती ओळ बघितली. मी त्यांच्या मागे उभी होते. मला वाटलं आता वळतील, आता विचारतील. वळले नाहीत. चपला घालून खाली साहेबांच्या केबिनमध्ये गेले. तासाभराने आले तेव्हा अहवालावर त्यांची सही झालेली होती. ‘अपघाताचे कारण: ड्रायव्हर लिहिताना झालेली मानवी चूक. जबाबदार व्यक्ती: हेमंत चुरी.’ त्यांनी पानाचा डबा उचलला, स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला, आणि मला म्हणाले, “डबा खाल्लास का?” मी मान हलवली. एवढंच आमचं शेवटचं कंपनीतलं बोलणं. तो अहवाल तारापुरात फिरला. ज्याच्या ड्रायव्हरने माणसाची बोटं घेतली त्याला परत कोणी काम दिलं नाही. ज्याच्याकडून एकही कडू हाक चुकली नाही त्या माणसाला. आणि मला? मला दिवाळीत पक्की ऑर्डर मिळाली. लॅब माझी झाली. साहेब अभिनंदन करायला बुटांसकट आत आले आणि मी त्यांना अडवलं नाही.

माझ्यावर राग आला असेल तर येऊ द्या. मला स्वतःचाच एवढा येतो की तुमच्याने त्यात फार भर पडायची नाही.

ते गेल्यावर पंधरा दिवसांनी कंपनीत शोकसभा झाली. लॅबमध्येच, त्यांच्या खुर्चीवर फोटो ठेवून. सगळे बूट-चपला घालून उभे होते. साहेबांनी गळा दाटून आणला. म्हणाले, “हेमंतकडून एक मोठी चूक झाली, पण आपण ती पोटात घातली. माणूस म्हणून तो देव होता.” पोटात घातली! मी पुढे गेले आणि म्हटलं, “ती ओळ मी लिहिली. साहेबांनी सांगितली म्हणून लिहिली. हेमंतदादा तेव्हा डोळ्यावर पट्टी बांधून दवाखान्यात होते.” साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले, “तिला पाणी द्या कोणीतरी. भावनेच्या भरात आहे.” मग मी फोन काढला आणि तीन वर्षं जपून ठेवलेले ते मेसेज मोठ्याने वाचले. ‘मास्क झालं का?’ ‘हो सर.’ ‘शाब्बास.’ साहेबांचा दाटलेला गळा झटकन मोकळा झाला. “उद्यापासून यायचं नाही,” म्हणाले. तो क्षण मला फार गोड लागला, आणि त्याबद्दल मला काडीचीही लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयात अर्ज दिला. माझ्या सहीचा जबाब, मेसेज, जाळी काढू नका म्हणून हेमंतदादांनी लिहिलेल्या कागदाची त्यांनी मला दिलेली प्रत. तिथल्या बाईंनी चष्मा वर करून विचारलं, “यात तुमचंही नाव येईल, कळतंय ना?” म्हटलं, त्यासाठीच आलेय. मी एकटी बुडाले तर साहेब काठावरून हात हलवतील. त्यांना धरून बुडायचं आहे.

तिथून केळव्याला गेले. वहिनी मागल्या दारी पानं निवडत होत्या, खराब पान वेगळं, चांगलं पान वेगळं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. ओळ, पासवर्ड, पेढे, सगळं. त्या पानं निवडतच राहिल्या. मग म्हणाल्या, “मला ठाऊक हाय. त्याच दिवशी सांगितलं त्यांनी.” मी पायरीवर बसले. “त्यांना कसं कळलं?” “तू तात्पुरतं का काय लिवलंवतंस. म्हणाले, माझ्या कामात तात्पुरतं काय नसतं, ही सुगंधा हाय.” आणि मग हळूहळू त्यांनी केबिनमधल्या त्या तासाचं सांगितलं. साहेबांनी कागद पुढे सरकवला होता आणि म्हणाले होते, एक तर तुम्ही सही करा, नाहीतर पोलिसांत मुलीचं नाव देतो. ओळ तिनेच लिहिलीय, तिची नोकरी कच्ची, तिच्यामागे कोण उभं राहणार? म्हणजे माझ्याकडून ओळ लिहून घेतली ती साहेबांनी, आणि त्या ओळीचा धाक घालून सही घेतली तीही साहेबांनीच. “मी भांडले त्यांच्याशी,” वहिनी म्हणाल्या. “परक्या पोरीपायी कशाला तोंड काळं करून घेतलंत म्हटलं. तर म्हणाले, तिला मीच शिकवलंय.”

मी रडले. वहिनी नाही रडल्या. मला वाटलं आता पाठीवर हात ठेवतील. गोष्टींत ठेवतात तसा. “त्या साह्यबाला सोडू नको,” म्हणाल्या. “नि तुलाबी मी सोडलेलं नाय. माफ करायला मला नाय जमत. तुमी दोघांनी मिळून माझा माणूस तीन वर्सं मान खाली घालून फिरवलात.” त्यांनी खराब पानांचा ढीग उचलला आणि माझ्या पुढ्यातून नेऊन वाडीबाहेर टाकला.

मग त्यांनीच मला आतल्या खोलीत नेलं, कारण तिथे एक गोष्ट त्यांना कळत नव्हती. नोकरी गेल्यावर हेमंतदादांनी वाडीत माकडं येतात म्हणून एक कॅमेरा लावला होता, आणि त्याचा ड्रायव्हर अर्थातच स्वतः लिहिला होता. खिडकीखाली एक पत्र्याची पेटी, तिच्यावर छोटा पडदा, पडदा काळा आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोनच शब्द, ‘चित्र नाही’. शेजारी इन्व्हर्टरची बॅटरी. वहिनी म्हणाल्या, “त्या दिवसापासनं असंच हाय. बंद नाय केलं मी. सकाळी हे म्हणाले, खाऱ्या वाऱ्याने कनेक्टर खाल्लाय वाटतं, बघून येतो. नि गेले.”

मला कळायला जरा वेळ लागला. वाडीतला कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर आहे. कनेक्टर त्याच्या पाठीशी. तो काढायचा तर माणसाला कॅमेऱ्यासमोर तोंड नेऊनच वाकावं लागतं. हेमंतदादांनी कनेक्टर काढला, चिपने हाक मारली, ड्रायव्हरने ऐकली, आणि पडद्यावर लिहिलं, चित्र नाही. पण काढण्याच्या आधीचं शेवटचं पुरं चित्र पेटीच्या आत, मेमरीत, तसंच पडून आहे. त्यांचा ड्रायव्हर ते दाखवत नाही, कारण ते मघाचं आहे. मी तारापूरला लिहिला तसला ड्रायव्हर इथे असता तर गेले पंधरा दिवस हेमंतदादा या पडद्यावर उभे असते.

मी वहिनींना सांगितलं. म्हटलं, शेवटचं चित्र आत आहे, बहुतेक त्यांचा चेहरा असेल, जवळून. मी काढून देते. पाच मिनिटांचं काम आहे. वहिनी पडद्याजवळ आल्या, काळ्या काचेवरून बोट फिरवलं. मी कीबोर्ड पुढे ओढला. तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट धरलं.

“नको. तुझ्या हातचं आत्ता नको. आधी त्या कागदावरनं त्यांचं नाव काढ. मग ये नि दाखव.”

“वहिनी, वीज गेली आणि बॅटरी उतरली तर ते चित्र जाईल. कायमचं.”

“बॅटरीचं मी बघते,” वहिनी म्हणाल्या.

निरीक्षकांनी पुढच्या महिन्यात आम्हाला समोरासमोर बोलावलंय, साहेबांना आणि मला. साहेबांनी दोन वकील केलेत असं ऐकते. मलाही शिक्षा होईल म्हणतात. होऊ दे. केळव्याला सध्या वाऱ्यापावसाचे दिवस, वीज कधी तासभर जाते, कधी दुपारभर. मी एक दिवसाआड फोन करते, पेटी चालू आहे ना एवढंच विचारते. परवा वहिनींनी उचलायला उशीर केला, मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. शेवटी उचलला.

“सकाळधरनं वीज नाय. बॅटरीत पाणी घातलंय मी. तू तुझं काम कर,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.